रुप्याच्या जुन्या नाण्यांची घरगुती सफाई व तींत होणारी पुराव्याची हानि

प्राचीन नाणीं कशीं वाचावीं याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. तीं वाचण्यापूर्वीं संग्राहकाच्या घरीं त्यांचें काय होतें, हा विषय मात्र बहुधा गौण समजून सोडून दिला जातो. वस्तुतः पुराव्याची पुष्कळशी हानि याच टप्प्यावर होते. जुनी पोथी हातीं आली तर आपणांपैकीं कोणीही तिचें पान ओल्या फडक्यानें पुसणार नाहीं; पण रुप्याचें जुनें नाणें हातीं आलें कीं, मनुष्य तत्काळ चिंच शोधूं लागतो. प्रस्तुत लेखकानेंही तेंच केलेलें आहे. त्या चुकीची हकीकत प्रथम सांगून तिच्या अनुषंगानें कांहीं गोष्टी संग्राहकांपुढें ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(१) एका नाण्याची हकीकत

सन १९८७ च्या उन्हाळ्यांत शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गानिमित्त मी नाशकास गेलों होतों. तेथें एका सराफाच्या पेढीवर मोडीच्या चांदीच्या तबकांत, तुटके वाळे, जोडवीं व करगोटे यांच्यामध्यें, एक काळपट बारीकसें नाणें दिसलें. सराफानें तें चांदीच्या भावानें तोलून दिलें. चिठ्ठीवर वजन २.२० ग्रॅम असें होतें. उमरीस परत आल्यावर, शाळेंत मुलांकडून पानांचे ठसे काढवून घेतों त्याप्रमाणें, मीं नाण्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीनें त्याच्या दोन्ही बाजू उमटवून घेतल्या आणि तो कागद वहींत ठेवून दिला. या सर्व प्रकरणांत एवढेंच काय तें शहाणपण माझ्या हातून घडलें.

पुढें नाणें रात्रभर चिंचेच्या कोळांत ठेवलें, सकाळीं राखुंडीनें घासलें, आणि तरीही खळग्यांतील काळेपणा जाईना म्हणून एका कारागिराकडून तापवून तेजाबांत बुडवून आणलें. नाणें पांढरें शुभ्र झालें. एका बाजूस तीन कमानींचा चैत्य, त्याखालीं नागमोडी रेघ आणि भोंवतीं ब्राह्मी अक्षरें. दुसऱ्या बाजूस ज्याला नाणकशास्त्रांत उज्जयिनीचिन्ह म्हणतात तें, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांस चार वर्तुळें. गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव मला स्वतःला वाचतां आलें, या आनंदांत मी कित्येक दिवस होतों.

नांदेडास एक वृद्ध संग्राहक होते. त्यांस तें नाणें दाखविलें. त्यांनीं तें भिंगाखालीं बराच वेळ फिरविलें आणि विचारलें, "गुरुजी, घासण्यापूर्वींचें कांहीं आहे का तुमच्याजवळ?" मीं वहींतील कागद पुढें केला. त्यावर चैत्याच्या कमानींतून आडवी गेलेली नाकाची व हनुवटीची रेषा स्पष्ट उमटली होती आणि कांठाशीं ग्रीक वळणाचीं दोन-तीन अक्षरें होतीं. नाण्यावर आतां यांपैकीं कांहींही नव्हतें. त्यांनीं कागद व नाणें शेजारीं शेजारीं ठेवलें व इतकेंच म्हणाले, "सातवाहन राहिला, क्षहरात गेला."

(२) त्या उद्गाराचा अर्थ

सन १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी या गांवीं रुप्याच्या नाण्यांचा मोठा संच सांपडला. त्यांत सव्वातेरा हजारांवर नाणीं होतीं. तीं मूळचीं सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याच्या नांवाचीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. उरलेलीं तशींच होतीं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं या संचाचा वृत्तांत १९०८ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं रॅप्सन यांची आंध्र व पश्चिम क्षत्रप यांच्या नाण्यांची ब्रिटिश म्यूझियमची सूची निघाली. या दोहोंनीं दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाच्या एका प्रकरणास भक्कम पाया मिळाला.

हा पाया कशावर उभा आहे, तें नीट पाहिलें पाहिजे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची माता बलश्री हिचा लेख आहे. त्यांत आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निःशेष केला असें ती सांगते. हा झाला राजमातेचा शब्द. तो गौरवाचा असल्यामुळें त्यास दुसऱ्या साधनाचा आधार हवा होता. तो या नाण्यांनीं दिला. पुन्हां ठसा मारलेल्या नाण्यावर वर सातकर्णीचा चैत्य दिसतो व त्याच्या खालीं नहपानाचें मुख, त्याच्या प्राकृत नांवाचीं ग्रीक अक्षरें, आणि पाठीमागें बाण व वज्र हीं चिन्हें अर्धवट डोकावतात. वरचा थर कोणाचा व खालचा कोणाचा हें डोळ्यांनीं पाहतां येतें. म्हणून कोण आधीं व कोण नंतर याचा निर्णय तर्कावर सोडावा लागत नाहीं. संचांत तिसऱ्या कोणा राजाचा ठसा नाहीं, यावरून या दोहोंच्या मध्यें त्या प्रदेशांत दुसरी सत्ता आली नसावी असें अनुमान विद्वानांनीं केलें. विजेत्यानें शत्रूचें रुपें सरसकट आटवून टाकलें नाहीं. त्यावर आपली मुद्रा उठवून तें व्यवहारांत राहूं दिलें, हीही गोष्ट यांतूनच कळते. लेख निःशेष म्हणतो, पण नाण्यावर शेष उरलेला आहे. आणि इतिहासाला त्या शेषाचेंच मोल अधिक.

आतां माझ्या नाण्याचा विचार करावा. गौतमीपुत्राच्या टांकसाळींतील घणांस नहपानाचें नाक पुसतां आलें नाहीं. तें काम सुमारें अठराशे वर्षांनंतर उमरींत चिंच, राखुंडी व तेजाब यांनीं पुरें केलें. वरचा ठसा खोल असल्यामुळें तो टिकला. खालचें चित्र आधींच दबलेलें व उथळ असल्यामुळें तें प्रथम गेलें. पुनर्मुद्रित नाणें घासलें असतां जें जातें तें नेहमीं हेंच असतें. ज्या थरासाठीं नाण्याला महत्त्व, तोच थर सर्वांत दुबळा.

पोथ्यांच्या संग्राहकांस हें सहज उमगेल. लेखकाची चूक झाल्यास जुने लोक त्या अक्षरांवर हरताळ लावीत. आपल्या भाषेंतील हरताळ फासणें हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळाखालीं मूळ अक्षर पुष्कळदां दिसतें, आणि संशोधकास लेखकाची मूळ प्रत कोणती होती हें ताडावयास तें उपयोगी पडतें. वरचें अक्षर स्वच्छ दिसावें म्हणून तें ठिकाण कोणी खरवडून काढलें, तर आपण त्यास काय म्हणूं? पुनर्मुद्रित नाणें घासणारा याहून वेगळें कांहीं करीत नाहीं.

आणखी एक साम्य आहे. नहपानाच्या नाण्याचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षां बहुधा मोठा असे. त्यामुळें एका नाण्यावर लेखाचीं चार अक्षरें उमटत, दुसऱ्यावर पांच. ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिपींतील संपूर्ण लेख असंख्य नाण्यांवरील तुकडे एकत्र जुळवूनच सिद्ध करतां येतो. भांडारकर प्राच्यविद्या मंदिरांत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखालीं महाभारताचें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें, तेंही अनेक प्रतींचे पाठ ताडूनच. तेथें प्रत्येक प्रतीचा पाठ मोलाचा, तसें येथें प्रत्येक नाण्याच्या कांठावरील अक्षर मोलाचें. आणि घासण्याचा मार बसतो तो नेमका कांठावर.

एका अक्षराचें मोल किती असूं शकतें, याचें उदाहरण सातवाहनांच्या राजमुखांकित रुप्याच्या नाण्यांत आहे. त्यांच्या एका बाजूचा लेख प्राकृतांत असून दुसऱ्या बाजूच्या लेखाच्या भाषेविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कित्येकांनीं ती द्राविडी मानिली, कित्येकांनीं तें मान्य केलें नाहीं. वादाचें मूळ मुख्यतः षष्ठीच्या प्रत्ययांत आहे: एका बाजूस 'स' तर दुसऱ्या बाजूस 'कु'. कांठावरचा तो 'कु' राखुंडीनें गेला, तर वादीही गेला आणि प्रतिवादीही गेला.

(३) रुपें काळें कां होतें

नाण्यावरील प्रत्येक डाग म्हणजे मळ, ही समजूत सर्व अनर्थाचें मूळ आहे. शास्त्रीय दृष्ट्या प्राचीन नाण्यावर तीन प्रकारचीं आवरणें असतात. पहिलें काळें आवरण हवेंतील गंधकाच्या संयोगानें तयार होतें. तें बहुधा पातळ असून नाण्याचें रक्षणच करतें, आणि अक्षरांच्या खळग्यांत बसल्यानें वाचनास मदतही करतें. दुसरें करड्या किंवा तपकिरी रंगाचें, मेणासारखें आवरण. तें जमिनींतील क्षारांमुळें तयार होतें. हें सर्वांत फसवें. कारण येथें रुप्याचा वरचा थर स्वतःच बदलून तें आवरण झालेला असतो आणि चित्राचे बारकावे कित्येकदां त्या आवरणांतच उरलेले असतात. तें विरघळवून टाकलें म्हणजे खालीं मिळतें तें खडबडीत रुपें. चित्र आवरणाबरोबर गेलेलें असतें.

तिसरें आवरण हिरवें, तें तांब्याचें. रुप्याच्या नाण्यावर तांबें कोठून आलें, असा प्रश्न पडेल. त्याचें उत्तर कौटिल्यानें दिलें आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत रुप्याचा पण पाडतांना त्यांत चतुर्थांश तांबें घालावें, आणि लोखंड, कथील, शिसें किंवा अंजन यांपैकीं एकाचा एक माष घालावा, असें सांगितलें आहे. म्हणजे सोळा माषांत निखळ रुपें अकराच माष. सर्व आहत नाणीं या प्रमाणांत असतात असें नव्हे. परंतु त्यांत तांबें असतें हें निश्चित. जमिनींत हें तांबें प्रथम बाहेर पडतें, हिरवें होऊन वर येतें, आणि आंतील धातूचे कण एकमेकांपासून सुटे होत जातात. म्हणून पुरातन रुपें दिसावयास धड पण पापडासारखें ठिसूळ असूं शकतें. तें वाकवून पाहणें, फरशीवर टाकून नाद ऐकणें, तापविणें, या सोनाराच्या परीक्षा त्यावर कदापि करूं नयेत. तापवून तेजाबांत बुडविल्यानें तर पृष्ठभागावरील तांबें निघून जातें व हिणकस नाणेंही शुद्ध रुप्याचें भासूं लागतें. अशा नाण्यावरून त्या राजाच्या काळीं धातूंत भेसळ किती होती, हें पृष्ठभाग पाहून ठरविणारा हमखास फसेल.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. तेथें तांबें, लोखंड, कांसें इत्यादिकांस क्षार, आम्ल व पाणी यांनीं शुद्ध करावें असें सांगितलें आहे. पण लेप नसलेलें सोन्याचें भांडें, आणि त्याचप्रमाणें रुप्याचें 'अनुपस्कृत' भांडें केवळ पाण्यानें शुद्ध होतें, असें त्याच्या थोडें आधीं म्हटलें आहे. अनुपस्कृत म्हणजे ज्यावर कोरीव काम नाहीं असें. नाणें तर आमूलाग्र उपस्कृत. तेव्हां त्यास हें वचन अक्षरशः लागू होत नाहीं. तो विधि आचाराचा आहे, रसायनाचा नव्हे, हेंही मला मान्य आहे. तथापि तांब्याला आम्ल व रुप्याला पाणी हा विवेक आमच्या पूर्वजांस होता आणि तो मला नव्हता, याची नोंद येथें केली पाहिजे.

(४) वजन हाही एक लेखच

आहत नाण्यांवर राजाचें नांव नसतें. कालनिर्णयासाठीं चिन्हें, मागील बाजूचे बारीक शिक्के व वजन यांवरच भिस्त ठेवावी लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत गणिताचे अध्यापक असतांना, १९४० च्या सुमारास, त्यांनीं तक्षशिलेच्या संचांतील नाण्यांच्या वजनांचा गणिती अभ्यास केला. नाणें जितकें अधिक हातांतून फिरलें तितकें तें झिजलें. मागील बाजूचे शिक्के जसे वाढत जातात तसें सरासरी वजन घटत जातें. यावरून कोणता गट आधींचा व कोणता नंतरचा हें ठरवितां येतें, असें त्यांनीं दाखविलें. झीज कशी होते हें समजून घेण्यासाठीं त्यांनीं चालू नाणींही तोलून पाहिलीं होतीं. मनूनें सांगितलेल्या ३२ कृष्णलांच्या पुराणापासून प्रत्येक नाणें किती खालीं आलें आहे, हा त्याच्या आयुष्याचा हिशेब आहे.

त्या हिशेबांत आपल्या राखुंडीनें केलेली झीज मिसळली, तर ती वेगळी काढण्याचा उपाय नाहीं. माझें नाणें सराफाच्या चिठ्ठीप्रमाणें २.२० ग्रॅम होतें. आज तें २.०२ ग्रॅम भरतें. या फरकांत माती किती व रुपें किती, हें कोणत्याही काट्यानें कळणार नाहीं. नाशिकच्या लेण्यांतील नहपानाचा जामात उषवदात याच्या लेखांत ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा स्पष्ट हिशेब आहे. रुपें व सोनें यांच्या त्या काळच्या भावाचें अनुमान करावयाचें, तर हा कार्षापण प्रत्यक्षांत किती वजनाचा होता हें कळलें पाहिजे. तें दगड सांगत नाहीं. तें नाण्यांनींच सांगावयाचें आहे.

(५) मग करावें काय

पुढील क्रम माझ्या अनुभवांत निर्धोक ठरला आहे.

प्रथम नाणें आलें त्या स्थितींत तोलावें. दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा आतां सहज मिळतो. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. प्रकाश समोरून न टाकतां बाजूनें तिरपा टाकावा, म्हणजे दबलेलें चित्र उठून दिसतें. कागदावर शिसपेन्सिलीचा ठसाही अवश्य घ्यावा. मात्र नाणें ठिसूळ किंवा भेगाळलेलें असल्यास तो मोह टाळावा. नाणें कोठून, केव्हां, कोणत्या नाण्यांसह मिळालें तें वहींत लिहावें. माझें नाणें मोडीच्या तबकांतून आल्यामुळें तें जोगळटेंभीच्या संचांतील आहे असें मी म्हणूं शकत नाहीं. स्थान गेलें कीं निम्में नाणें गेलें.

त्यानंतर पुष्कळ वेळां असें आढळेल कीं, नाणें आहे तसेंच वाचतां येतें. तसें असल्यास येथेंच थांबावें. सर्वांत उत्तम सफाई तीच.

माती चिकटलेली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यांत नाणें ठेवावें व पाणी रोज बदलावें. विहिरीचें किंवा नळाचें पाणी वापरूं नये. त्यांतील क्षार नाण्यांत शिरतात. माती मऊ झाली म्हणजे चित्रकाराच्या मऊ कुंचल्यानें, न दाबतां, ती सोडवावी. अक्षरांतील माती काढण्यास बाभळीच्या काट्यासारखें साधन नाहीं. तो मातीपेक्षां कठीण व रुप्यापेक्षां मऊ. सुईप्रमाणें ओरखडा काढीत नाहीं. भिंगाखालीं, एका वेळीं एक अक्षर, असें काम करावें. शेवटीं स्पिरिटांत बुडवून मऊ कापडावर वाळवावें व पुन्हां तोलावें. आधींचें व नंतरचें अशीं दोन्ही वजनें वहींत लिहावीं.

चिंच, लिंबू, राखुंडी, रांगोळी, भांडीं उजळण्याची पूड, तारेचा ब्रश व तेजाब हीं सर्वथा वर्ज्य. ॲल्युमिनियमचा पत्रा व धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानें गंधकाचा काळा थर धातु न झिजतां निघतो, हें खरें आहे. निजामी अमदानींतील चारमिनारच्या हाली रुपयांवर तो प्रयोग करून पाहण्यास हरकत नाहीं. ते आमच्या भागांत कित्येक घरांत व लमाण स्त्रियांच्या जुन्या अलंकारांत अद्यापि आढळतात. पण प्राचीन नाण्यावर आवरण एकाच जातीचें नसतें. तेथें या उपायानें पृष्ठभाग भुसभुशीत होण्याचा धोका आहे. हिरवें किंवा मेणासारखें आवरण जाड असेल, तर त्यावरील रसायनें जाणत्या संरक्षकाच्या हातांतच शोभतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अशा कामाचें स्वतंत्र केंद्र आहे. आपण घरीं वाट पाहावी. नाणें दोन हजार वर्षें थांबलें आहे. तें आणखी दोन वर्षें थांबेल.

ठेवण्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, रबर व लोकर यांत गंधक असल्यानें त्यांच्या सान्निध्यांत रुपें काळवंडतें, आणि मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतून कालांतरानें हिरवट चिकट द्रव सुटतो. निराम्ल कागदाच्या पाकिटांत प्रत्येक नाणें वेगळें ठेवावें, व त्यावर वहींतील क्रमांक लिहावा.

(६) उपसंहार

नाशिककडून येणारी गोदावरी आमच्या उमरीच्या दक्षिणेकडून वाहत पुढें तेलंगणांत जाते. तिच्या कांठीं अश्मक जनपद होतें. त्याची राजधानी नदीपलीकडील बोधन येथें असावी असें कित्येक विद्वानांचें मत आहे. या कांठीं नांगराच्या फाळास किंवा विहिरीच्या खोदकामांत नाणें लागणें हें आजही अशक्य नाहीं. असें धन सांपडल्यास १८७८ च्या निखातनिधि कायद्याप्रमाणें, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असतां, जिल्हाधिकाऱ्यास खबर द्यावी लागते. आणि १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें अशीं नाणीं खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत. शेतकऱ्यास कायदा सांगणाऱ्यानें त्याबरोबर दुसरें वाक्यही सांगावें: नाणें धुऊं नको. पहिलें वाक्य वस्तु वांचवितें, दुसरें तिच्यावरील इतिहास.

माझें नाणें मी अद्यापि जपून ठेवलें आहे. तें पाहावयास येणारे विद्यार्थी त्याची चकाकी पाहून खूष होतात. मग मी त्यांना वहींतील तो पिवळा पडलेला कागद दाखवितों, आणि नहपानाचें नाक त्यांच्याकडून शोधून काढवितों. नाण्यापेक्षां त्या कागदाचें मोल आज अधिक आहे, ही गोष्ट संग्राहकास भूषणावह नाहीं. ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून येथें लिहिली. वर दिलेल्या क्रमांत कांहीं न्यून असल्यास जाणत्यांनीं तें अवश्य दाखवावें.